विस्पंद आणि वाद्यांची जुळवणी

जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन स्वर एकाच वेळी वाजले, तर कानाला दोन निराळे स्वर ऐकू येत नाहीत. एकच स्वर ऐकू येतो आणि तो ठरावीक गतीने मोठा-लहान होत राहतो. आवाजाच्या या नियमित चढउतारांना विस्पंद म्हणतात. तंबोरा जुळवणारा शिष्य, हार्मोनियमचे सूर बसवणारा कारागीर आणि हरिनाम सप्ताहात पखवाज पट्टीत लावणारा मृदंगाचार्य हे तिघेही कामाच्या वेळी हा चढउतारच ऐकत असतात. बीड जिल्ह्यात नारायणगड, गहिनीनाथगडापासून गावोगावच्या सप्ताहांपर्यंत पेटी, वीणा, पखवाज आणि टाळ यांचा मेळ रोज बसवावा लागतो. त्या मेळामागचे भौतिकशास्त्र, त्याचा इतिहास आणि वाद्यागणिक होणारा त्याचा वापर यांचा हा आढावा आहे.

विस्पंद कसे तयार होतात

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. दोन ध्वनितरंग एकाच ठिकाणी पोहोचले की तेथील दाब दोन्ही तरंगांच्या बेरजेइतका होतो. दोन्हींचे उंचवटे एकाच क्षणी आले तर आवाज वाढतो. एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकत्र आला तर आवाज घटतो. यालाच व्यतिकरण म्हणतात. दोन्ही तरंगांची वारंवारता अगदी सारखी असेल, तर काही जागी आवाज कायम मोठा व काही जागी कायम लहान राहतो. वारंवारतेत थोडा फरक असेल, तर एकाच जागी उभ्या असलेल्या श्रोत्याला आवाज कधी मोठा, कधी लहान असा येतो. पहिल्या प्रकारात फरक जागेनुसार पडतो, दुसऱ्यात वेळेनुसार. विस्पंद हे या दुसऱ्या प्रकारचे व्यतिकरण आहे.

दिंडीत शेजारी चालणाऱ्या दोघांपैकी एकाची चाल किंचित जलद असेल, तर त्यांची पावले काही वेळ एकत्र पडतात, मग चुकत जातात आणि काही वेळाने पुन्हा एकत्र येतात. चालीतला फरक जितका थोडा, तितक्या उशिराने पावले जुळतात. ध्वनितरंगांचेही तसेच होते. एका स्वराची वारंवारता सेकंदाला २५६ कंपने, म्हणजे २५६ हर्ट्झ आणि दुसऱ्याची २५८ हर्ट्झ असेल, तर एका सेकंदात दुसरा स्वर दोन कंपनांनी पुढे जातो. तेवढ्या वेळात दोघांचे उंचवटे दोनदा जुळतात आणि दोनदा विरुद्ध पडतात. म्हणून सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. नियम सोपा आहे : विस्पंदांची दर सेकंदाची संख्या ही दोन वारंवारतांच्या फरकाइतकी असते. ऐकू येणाऱ्या स्वराची उंची मात्र दोघांच्या सरासरीइतकी, म्हणजे या उदाहरणात २५७ हर्ट्झ, असते.

दोन्ही स्वरांचा आयाम सारखा असेल, तर जुळण्याच्या क्षणी एकूण आयाम दुप्पट व तीव्रता एकट्या स्वराच्या चौपट होते आणि विरुद्ध क्षणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. एक स्वर मोठा व दुसरा बारीक असेल, तर आवाज पूर्ण थांबत नाही, नुसता कमी-जास्त होतो. म्हणून वाद्य जुळवताना दोन्ही तारा सारख्याच जोराने छेडाव्यात असे शिकवले जाते. तसे केले की विस्पंद सर्वांत स्पष्ट होतात.

कान काय ऐकतो

दोन स्वर एकामागून एक वाजवले, तर मधल्या सप्तकात तयार कानालाही सुमारे पाच सेंटपेक्षा लहान फरक ओळखणे अवघड जाते. सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक आहे. एका सप्तकाचे १,२०० सेंट होतात आणि हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचे अंतर असते. तेच दोन स्वर एकत्र वाजवले की परिस्थिती बदलते. २४० हर्ट्झच्या स्वराजवळ ०.२ हर्ट्झचा फरक म्हणजे जेमतेम दीड सेंट. एवढा फरक स्वराच्या उंचीवरून कळत नाही, पण पाच सेकंदांना एक अशी आवाजाची संथ लाट सहज ऐकू येते. स्वराची उंची जोखण्याचे काम विस्पंदामुळे वेळ जोखण्याच्या कामात बदलते, आणि त्या कामात कान पुष्कळ अचूक आहे.

विस्पंद ऐकू येतात ते आंतरकर्णाच्या रचनेमुळे. शंखाकृती आंतरकर्णातील पडद्यावर प्रत्येक वारंवारतेची स्वतःची जागा असते. दोन स्वर जवळचे असले की पडद्याच्या एकाच भागाला हलवतात आणि त्यांची बेरीज तिथेच होते. सेकंदाला आठ-दहापर्यंतचे विस्पंद सुटे सुटे जाणवतात. पंधरा-वीसच्या पुढे ते वेगळे ऐकू येत नाहीत, आवाज खरखरीत वाटतो. फरक आणखी वाढला की खरखर जाते आणि दोन स्वतंत्र स्वर ऐकू येतात.

नुसत्या जवळच्या स्वरांपुरते हे घडले असते, तर षड्ज-पंचम किंवा षड्ज-गंधार जुळवायला विस्पंदांचा उपयोग झाला नसता. पण कोणत्याही तारेचा किंवा पातीचा स्वर एकेरी नसतो. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर त्यात मिसळलेले असतात. मूळ स्वराला पहिला धरून ते मोजले जातात. षड्ज व पंचमाचे प्रमाण २:३ आहे. म्हणून षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा उपस्वर एकाच जागी पडतात. पंचम किंचित चुकला, की हे दोन उपस्वर शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यात विस्पंद सुरू होतात. शुद्ध गंधाराचे षड्जाशी प्रमाण ५:४ आहे. तेथे षड्जाचा पाचवा व गंधाराचा चौथा उपस्वर एकमेकांची परीक्षा घेतात. साध्या प्रमाणातील प्रत्येक स्वरजोडी अशा रीतीने विस्पंदांवरून तपासता येते.

मोजमापाचा इतिहास

विस्पंद वादकांना फार पूर्वीपासून कानाने ओळखीचे होते. त्यांचा मोजमापासाठी विचार करण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ सोव्हर याला जाते. १७०० च्या सुमारास त्याने ऑर्गनच्या नळ्यांचे विस्पंद मोजून स्वराची प्रत्यक्ष वारंवारता काढण्याची युक्ती मांडली. दोन नळ्यांचे प्रमाण २४:२५ आहे असे माहीत असेल आणि त्यांच्यात सेकंदाला चार विस्पंद होत असतील, तर त्या नळ्या ९६ व १०० हर्ट्झच्या असल्या पाहिजेत. एका सेकंदात शंभर कंपने मोजणे त्या काळात अशक्य होते. चार ठोके मोजणे कोणालाही शक्य होते.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथील रेशीम कारखानदार योहान शायब्लर याने ही कल्पना पुढे नेली. १८३४ मध्ये त्याने पन्नासहून अधिक नादकाट्यांच्या साहाय्याने स्वर मोजण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. काटे असे ठेवायचे, की प्रत्येक काट्याचे पुढच्या काट्याशी ठरावीक विस्पंद व्हावेत आणि शेवटचा काटा पहिल्याच्या बरोबर वरच्या सप्तकात असावा. शेवटच्या काट्याची वारंवारता पहिल्याच्या दुप्पट, म्हणून दोघांतील फरक पहिल्या काट्याच्या वारंवारतेइतकाच असतो. मधल्या सगळ्या विस्पंदांची बेरीज केली की पहिल्या काट्याची वारंवारता हातात येते. चार-चार विस्पंदांच्या अंतराने ६५ काटे लावले, तर मधली अंतरे ६४ आणि पहिला काटा २५६ हर्ट्झचा. महाराष्ट्रातील बारावीच्या भौतिकशास्त्रात तरंगांच्या अध्यारोपणाच्या प्रकरणात विद्यार्थी या धर्तीची उदाहरणे सोडवतात. त्यांचे मूळ शायब्लरच्या या खटाटोपात आहे.

१८६३ मध्ये हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने स्वरसंवादाचा पूर्ण सिद्धांत विस्पंदांवर उभा केला. ज्या दोन स्वरांच्या उपस्वरांत खरखर निर्माण करणारे विस्पंद कमी, ते एकमेकांशी गोड लागतात आणि ज्यांच्यात जास्त, ते टोचतात, असे त्याचे प्रतिपादन होते. सवय, परंपरा आणि स्वरांची ओळख यांचाही गोडव्यात वाटा असतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखवले. तरी वाद्ये जुळवण्याच्या व्यवहारात हेल्महोल्ट्झचा विचार आजही पायाभूत आहे.

दोन वीणांची परंपरा

एक वाद्य स्थिर ठेवून दुसरे त्याच्याशी ताडून पाहण्याची पद्धत भारतात फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात श्रुती, म्हणजे स्वरांमधील सूक्ष्म अंतरे, सिद्ध करण्यासाठी दोन सारख्या वीणांचा प्रयोग सांगितला आहे. एक वीणा ध्रुव, म्हणजे न बदलणारी, दुसरी चल. चल वीणा टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची आणि तिचे कोणते स्वर ध्रुव वीणेच्या कोणत्या स्वरांत जाऊन मिळतात ते पाहायचे. दुसऱ्या टप्प्यात चल वीणेचे गंधार व निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवताशी मिळतात, तिसऱ्यात ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमाशी मिळतात. त्यावरून कोणत्या दोन स्वरांत किती श्रुतींचे अंतर हे ठरते.

तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात हाच प्रयोग बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन मांडला. शार्ङ्गदेव देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला होता. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला आहेत. भारतीय संगीताच्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक मराठवाड्याच्या या भूमीत लिहिला गेला आणि त्यातील श्रुतींचा निर्णय दोन तारा एकत्र मिळाल्या की नाही या कानाच्या साक्षीवर सोपवलेला आहे. या ग्रंथांत तरंगांचे गणित नाही. मात्र दोन तारा मिळाल्याची खूण कानाला मिळते ती विस्पंद थांबल्यावर, आणि ही गोष्ट कोणत्याही काळात सारखीच खरी आहे.

तंबोरा

विस्पंदांचा सर्वांत सूक्ष्म उपयोग तंबोऱ्यावर होतो. महाराष्ट्रात उत्तम तंबोरे मिरजेत तयार होतात. तेथील सतारमेकरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतात. वाद्याच्या ध्वनीचे मर्म मात्र भोपळ्याइतकेच घोडीत आहे.

तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये जवारीचा दोरा सरकवला, की कंप पावणारी तार घोडीच्या माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते आणि उपस्वरांची मोठी फौज उभी राहते. सामान्य तारेच्या बाबतीत, तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटत नाही. तंबोऱ्यात तोही जोरदार उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा व वीणेवरील आपल्या अभ्यासात दाखवून दिले.

उपस्वरांची ही विपुलता जुळवणीसाठी भिंगासारखी वापरता येते, कारण मूळ स्वरातील चूक प्रत्येक उपस्वरात त्याच्या क्रमांकाइतक्या पटीने मोठी होते. पुरुषांच्या काळी एकच्या आसपासच्या पट्टीत, हिशेबाच्या सोयीसाठी, मधल्या षड्जाच्या जोडीच्या दोन तारा १४० हर्ट्झवर, खालच्या षड्जाची खर्जाची तार ७० वर आणि मंद्र पंचम १०५ वर धरता येईल. जोडीची एक तार १४० वर बसली आहे आणि दुसरी १४०.५ वर आहे, असे समजू. मूळ स्वरांत दोन सेकंदांना एक विस्पंद होईल. तो संथ असल्याने निसटून जाऊ शकतो. दहाव्या उपस्वरात मात्र १,४०० आणि १,४०५ हर्ट्झ समोरासमोर येतात आणि सेकंदाला पाच विस्पंद होतात. जवारीच्या झणकारात ही थरथर स्पष्ट उठून दिसते. घोडीखालचा मणी सरकवून दुसरी तार १४०.१ वर आणली, तर हीच थरथर सेकंदाला एकवर येते. तेव्हा मूळ स्वरातील लाट दहा सेकंदांना एक, म्हणजे जवळजवळ न कळण्याइतकी असते. मूळ स्वरात जे सापडत नाही ते झणकारात सापडते. जवारी चांगली खुललेला तंबोरा अधिक अचूक जुळतो याचे कारण हेच आहे.

जुळवणीचा क्रमही यावरूनच ठरतो. प्रथम जोडीची एक तार गायकाच्या पट्टीत खुंटी फिरवून आणतात. मग दुसरी जोडीची तार तिच्याशी मिळवतात. खुंटीने ढोबळ काम, घोडीच्या खालच्या मण्याने बारीक काम. त्यानंतर खर्ज : खर्जाचा दुसरा उपस्वर जोडीच्या मूळ स्वरावर पडला पाहिजे. खर्ज ७०.२ वर राहिला, तर १४०.४ व १४० यांच्यात अडीच सेकंदांना एक लाट येते. शेवटी पंचम : त्याचा चौथा उपस्वर आणि जोडीचा तिसरा उपस्वर दोन्ही ४२० वर यावे लागतात. पंचम १०५.३ असेल, तर ४२१.२ आणि ४२० यांच्यात सेकंदाला एकाहून थोडे अधिक विस्पंद होतात. सगळ्या तारा अशा मिळाल्या, की खर्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे ३५० हर्ट्झचा गंधार, स्थिर राहून आपोआप ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारा चुकलेल्या असतील तर आसपासच्या उपस्वरांच्या थरथरीत तो झाकला जातो. स्वयंभू गंधार बोलू लागला म्हणजे तंबोरा लागला, ही गवयांची कसोटी भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही पक्की आहे.

येथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. विस्पंदांवरून फरक किती हे कळते. तार चढी आहे की उतरलेली हे कळत नाही. १४१ आणि १३९ या दोन्ही तारा १४० शी सेकंदाला एकच विस्पंद करतात. म्हणून मणी थोडा सरकवून पाहावे लागते. विस्पंद मंदावले तर दिशा बरोबर, वाढले तर उलट. अनुभवी हात हे इतक्या सहजपणे करतात की पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

हार्मोनियम

हार्मोनियमचा स्वर धातूच्या पातीतून येतो. पातीचे टोक घासले की ते हलके होऊन स्वर चढतो. मुळाशी घासले की पाती लवचीक होऊन स्वर उतरतो. कारागीर एक पाती प्रमाण स्वराशी एकत्र वाजवतो, विस्पंद ऐकतो आणि कानशीचा हात चालवतो. भाता सारख्या दाबाने चालवावा लागतो, कारण हवेचा दाब बदलला की पातीचा स्वरही किंचित हलतो. जोडस्वरांच्या पेटीत एका पट्टीवर दोन पात्या बोलतात. त्या पक्क्या मिळालेल्या नसतील तर प्रत्येक स्वरात थरथर येते. काही वाद्यांत ही थरथर मुद्दाम ठेवलेली असते : युरोपीय ऑर्गनमध्ये किंचित चढ्या नळ्यांचा एक संचच असतो, आणि इंडोनेशियातील बालीच्या गॅमेलान वाद्यमेळात वाद्यांच्या जोड्या जाणूनबुजून थोड्या फरकाने लावतात, कारण त्या लहरीशिवाय तेथील श्रोत्यांना स्वर निर्जीव वाटतो.

हार्मोनियमवरचा मोठा वाद वेगळ्या विस्पंदांचा आहे. तिचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. त्यामुळे कोणत्याही पट्टीत गाता येते, पण साधी प्रमाणे थोडी थोडी बिघडतात. १४० हर्ट्झचा षड्ज धरला, तर नैसर्गिक पंचम २१० आणि पेटीचा पंचम २०९.७६. षड्जाच्या तिसऱ्या व पंचमाच्या दुसऱ्या उपस्वरात दोन सेकंदांना सुमारे एक विस्पंद होतो. तो खपून जातो. गंधाराचे तसे नाही. नैसर्गिक गंधार १७५ आणि पेटीचा गंधार १७६.३९. षड्जाचा पाचवा उपस्वर ७००, पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर ७०५.५६. म्हणजे सेकंदाला साडेपाच विस्पंद. वरच्या सप्तकात हाच आकडा दुप्पट होतो. तंबोऱ्यातील स्वयंभू गंधार आणि पेटीचा गंधार एकत्र ऐकताना जे खटकते ते हेच, सुमारे १४ सेंटचे अंतर.

या प्रश्नावर महाराष्ट्रात गंभीर काम झाले आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रयोगांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती. इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी त्याच काळात श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली; ती १९७१ च्या सुमारास शिथिल झाली. बंदीमागे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, न निघणे हे एक आणि समान विभागणीचे स्वर हे दुसरे कारण सांगितले जाई. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करून हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. दुसरीकडे कीर्तन, भजन आणि नाट्यसंगीतात बारा स्वरांचीच पेटी राहिली, कारण पट्टी बदलण्याची सोय, मोठा आवाज आणि वाद्याचा टिकाऊपणा यांना तिथे अधिक किंमत आहे. कुशल पेटीवादक गायनाच्या साथीत गंधारावर फार वेळ थांबत नाही आणि स्वर जोडीने दाबून धरत नाही. विस्पंदांना उठायला तो वेळच देत नाही.

पखवाज, तबला आणि घंटा

चर्मवाद्यांत विस्पंद एकाच वाद्याच्या आत तयार होतात. पुडीच्या कंपनाची एक रीत अशी आहे, की एक व्यास स्थिर राहतो आणि त्याच्या दोन बाजू आळीपाळीने वर-खाली होतात. पुडीचा ताण सगळीकडे सारखा असेल, तर हा व्यास कोणत्याही दिशेला असला तरी वारंवारता एकच येते. एका बाजूला ताण जास्त असेल, तर एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांच्या वारंवारता किंचित वेगळ्या होतात. मग एकाच थापेतून दोन जवळचे स्वर निघतात आणि त्यांचे विस्पंद ऐकू येतात. वादक म्हणतात, तबला फाटका बोलतो किंवा सूर डोलतो.

म्हणूनच तबलजी गजऱ्याच्या सोळा घरांवर बोट फिरवत एकेक घर वाजवून पाहतो आणि उतरलेल्या घरावर हातोडीने ठोकतो. गठ्ठे खाली सारून आधी एकूण ताण आणायचा, मग घरे एकसारखी करायची. घरे जुळली की डोलणे थांबते आणि सूर लांबतो. मुळात चामड्याच्या वाद्यातून इतका स्पष्ट सूर निघतो तो शाईमुळे. शाईच्या वजनामुळे पुडीचे उपस्वर पूर्णांक पटींच्या जवळ येतात, हे रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या टिपणात सांगितले आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडले. वारकरी पखवाजाच्या डाव्या तोंडाला शाईऐवजी कणिक लावतात. कणिक वाढवली की वजन वाढून स्वर खोल जातो, आणि ती मधोमध बसली नाही तर आवाज डोलतो. सप्ताहाच्या मंडपात कीर्तनापूर्वी कणकेचा गोळा चापून पुन्हा पुन्हा थाप मारून पाहणारा वादक वजन आणि समतोल दोन्ही साधत असतो.

देवळातील मोठ्या घंटेचा नाद लहरत विरतो, त्याचेही कारण हेच. ओतीव घंटा पूर्ण गोल व एकसारख्या जाडीची क्वचितच असते. तिच्या कंपनाच्या प्रत्येक रीतीच्या दोन जवळच्या वारंवारता होतात. घंटेत हा दोष काढत बसत नाहीत, कारण तो लहरता नाद कानाला सवयीचा झालेला आहे.

हवा आणि हवामान

बासरीचा स्वर आतल्या हवेतील ध्वनिवेगावर अवलंबून असतो. हवेचे तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले, तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटरवरून सुमारे ३५२ मीटर होतो आणि २८० हर्ट्झचा स्वर जवळजवळ पाच हर्ट्झने चढतो. पेटीची पाती त्या मानाने जागची हलत नाही. दुपारी जुळवलेली बासरी रात्रीच्या गारव्यात पेटीशी सेकंदाला चार-पाच विस्पंद करू लागते ती यामुळे. धातूची तार उलट वागते : उष्णतेने लांबून सैल पडते आणि उतरते. पर्जन्यछायेतील बीडच्या कोरड्या उन्हाळ्यात चामडे आवळते व पखवाज चढतो. पावसाळी दमट हवेत तो उतरतो. वाद्य एकदा जुळवून काम संपत नाही, मंडपात बसल्यावर पुन्हा जुळवावे लागते.

यंत्रे आणि मर्यादा

मोबाइलवरचे स्वरमापक आज सेंटपर्यंतची चूक दाखवतात. गोंगाटात, कान तयार नसताना किंवा एकट्याने सराव करताना त्यांचा उपयोग निश्चित आहे. मात्र बहुतेक स्वरमापक बारा समान स्वर प्रमाण मानतात. त्यांच्या काट्यावर तंबोऱ्याचा पंचम बरोबर दाखवला, तरी तो नैसर्गिक पंचमापेक्षा दोन सेंटने उतरलेला असतो. गंधार त्यांच्या आधाराने लावला तर चौदा सेंटने चढा लागतो. कोणत्या स्वराला प्रमाण धरायचे हा निर्णय यंत्राचा नाही.

विस्पंदांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. फरक जितका बारीक तितका तो कळायला वेळ जास्त लागतो. दहा सेकंदांना एक लाट ओळखायची तर स्वर तेवढा वेळ टिकला पाहिजे. तंबोऱ्याची तार टिकते, तुणतुण्याची टिकत नाही. म्हणून तुणतुणे तंबोऱ्याइतके बारीक लावता येत नाही आणि गोंधळ्यांच्या गाण्यात त्याची गरजही नसते. तार जोरात छेडली तर सुरुवातीला ताण वाढून स्वर क्षणभर चढतो. त्यामुळे जुळवताना हात हलका ठेवावा लागतो.

संगीताबाहेर

फरकाची वारंवारता ऐकणे किंवा पाहणे ही युक्ती संगीताबाहेरही सर्वत्र वापरली जाते. रेडिओत येणाऱ्या लहरीशी आतील दुसरी लहर मिसळून फरकाची ४५५ किलोहर्ट्झची लहर काढतात आणि पुढचे सगळे काम तिच्यावर करतात. रस्त्यावरच्या वेगमापकात वाहनावरून परतलेली लहर मूळ लहरीशी मिसळली की फरकावरून वेग कळतो. १९७१ पासून वीज देणाऱ्या परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी २५० मेगावॅटचा जनित्रसंच ५० हर्ट्झच्या जाळ्याला जोडण्याआधी दोघांचा मेळ बसवावा लागतो. जुन्या पद्धतीत दोघांमध्ये दिवे जोडत. संच ५०.१ हर्ट्झवर असेल तर दिवे दहा सेकंदांना एकदा उजळून मंद होत. आजचा समकालदर्शक काटाही त्याच फरकाच्या गतीने फिरतो. काटा संथ होऊन योग्य जागी आला की जोडणी करतात. तंबोऱ्याचा मणी सरकवणारा हात आणि जनित्राचा वेग साधणारा अभियंता एकाच नियमावर काम करतात.

एकूण विचार करता विस्पंद हे कानाला मिळालेले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सूक्ष्म मोजमाप आहे. ते शिकवायला खर्च येत नाही. शाळेत दोन मोबाइलवर २५६ आणि २५८ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजवले, मग दुसरा २५७ वर आणला, की संपूर्ण नियम मुलांच्या कानावर पडतो. संगीताच्या वर्गात स्वरमापक हातात देण्याआधी जोडीच्या दोन तारा मिळवायला शिकवावे. भजनी मंडळांनी आधी पेटीची पट्टी ठरवावी, मग वीणेच्या तारा त्या षड्जाशी मिळवाव्यात, पंचम पेटीवरून न घेता वीणेच्याच षड्जावरून लावावा आणि शेवटी पखवाजाची घरे एकसारखी करावीत. ध्वनिवर्धक सुरू करण्यापूर्वी मंडपात पाच मिनिटे शांतता ठेवली, तर एवढ्या कामाला वेळ पुरतो.